एकच नग, पण मला हवा तसा

१. एवढे पैसे कशाचे?

एवढ्याशा तुकड्याचे एवढे पैसे? लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, पहिल्यांदाच काही करून घ्यायला गेलेला माणूस हा प्रश्न विचारतोच. टर्नरच्या तोंडावर नाही विचारला, तर परत येताना गाडीवर तरी पुटपुटतो. प्रश्न रास्तही आहे. तसाच दिसणारा तयार बुश, म्हणजे मधे भोक असलेला गोल तुकडा, बाजारात किरकोळ पैशांत मिळतो, आणि आपण सांगून करून घेतलेला मात्र त्याच्या कितीतरी पट महाग पडतो.

आधी लोखंडाचा हिशेब करू. गोल सळईचं वजन काढायची एक युक्ती वर्कशॉपमध्ये सगळ्यांना तोंडपाठ असते: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करायचा आणि १६२ ने भागायचं, म्हणजे एका मीटरचं वजन किलोत मिळतं. व्यास ४० मिमी असेल तर १६०० भागिले १६२, म्हणजे जवळजवळ १० किलो. आपल्याला तुकडा हवा ५० मिमीचा. तो भरतो जेमतेम अर्धा किलो. म्हणजे पैसे लोखंडाचे नाहीत.

पैसे आहेत वेळेचे, आणि त्यातही कातण्याच्या वेळेपेक्षा कातण्याआधीच्या वेळेचे. सळई शोधायची, करवतीवर कापायची, आधीचा जॉब उतरवून चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, हा बांधायचा, डायल लावून तो सरळ फिरतोय का बघायचं, टूल बदलायचं, ड्रॉइंग दोनदा वाचायचं. या सगळ्याला कारखान्यात सेटिंग म्हणतात. पुरणपोळ्या चार करायच्या असोत की चाळीस, डाळ शिजवणं, पुरण वाटणं, कणीक तिंबणं काही चुकत नाही, तसंच हे.

आकड्यांत पाहू. समजा सेटिंगला दीड तास लागला आणि एक नग प्रत्यक्ष कातायला १५ मिनिटं. एकच नग केला तर त्याच्या वाट्याला १०५ मिनिटं येतात. तीन केले तर एकूण १३५, म्हणजे नगाला ४५. वीस केले तर एकूण ३९० मिनिटं, नगाला साडेएकोणीस. तयार बुश स्वस्त असतो तो याच भागाकारामुळे. सीएनसी यंत्रावर काम दिलं तरी हे गणित सुटत नाही, उलट एका नगासाठी प्रोग्रॅम लिहिण्याचा वेळ त्यात भर घालतो. म्हणून झिजणारा भाग असेल तर एकाऐवजी तीन करून घ्यावेत. दुसरा आणि तिसरा जवळपास नुसत्या कातण्याच्या मजुरीत मिळतो, आणि पुढच्या खेपेची धावपळ वाचते.

२. मागताय ते खरंच हवंय का?

या प्रकरणात आपण एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू: गोठ्यातलं कडबाकुट्टीचं यंत्र. निवड अगदीच उगाच नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात जे कारखानदारीचं काम सुरू केलं, त्यातल्या पहिल्या वस्तूंमध्ये कडबा कापायचं यंत्र होतं; लोखंडी नांगर आणि १९१० मध्ये उभी राहिलेली किर्लोस्करवाडी हा त्यापुढचा इतिहास.

आपल्या यंत्राची जुनी मोटर जळाली. ती एक अश्वशक्तीची, तीन फेजची. दुकानदाराने तेवढ्याच ताकदीची नवी मोटर दिली. घरी येऊन बघतो तर जुन्या मोटरचा शाफ्ट २४ मिमी जाड होता आणि नवीचा १९. पुली डगडगते. साहजिकच सुचतं की आतून १९ आणि बाहेरून २४ असा एक बुश कातून घ्यावा आणि मधे सरकवावा. कागदावर दोन वर्तुळं काढली, आकडे टाकले, झालं डिझाइन.

चांगला टर्नर हा कागद बघून विचारेल, "दादा, हे बसवायचंय कशात?" या प्रश्नाचा राग मानू नये. फुकटात मिळणारा इंजिनिअरिंगचा सल्ला याच प्रश्नापासून सुरू होतो.

कारण असं. पुली शाफ्टवर नुसती घट्ट बसत नाही; तिला फिरवायला दोघांच्या मधे एक चौकोनी पट्टी असते, तिला की म्हणतात, आणि ती जिथे बसते त्या खाचेला कीवे. १९ च्या शाफ्टला ठरीव की ६ मिमीची. त्यासाठी शाफ्टमध्ये साडेतीन मिमी आणि बाहेरच्या भागात २.८ मिमी खोल खाच लागते. आता आपल्या बुशची भिंत किती? २४ वजा १९, त्याचं निम्मं: अडीच मिमी. खाच २.८ आणि भिंत २.५. म्हणजे कीवे कापला की बुश एका बाजूने आरपार उघडा. असे चिरलेले बुश वापरले जातात, पण मग की पायरीची करावी लागते आणि कामाचा व्याप वाढतो.

पण खरी गोम याच्याही पुढे आहे. एकाच ताकदीच्या दोन मोटरींचे शाफ्ट वेगळे का? जुन्या मोटरची पाटी घासून वाचली तर कळतं: ती सहा पोलची होती, मिनिटाला साधारण ९४० फेरे घेणारी. नवी चार पोलची, साधारण १४१० फेऱ्यांची. ठरीव मापांप्रमाणे एक अश्वशक्तीची सहा पोलची मोटर एक आकार मोठ्या सांगाड्यात येते, म्हणून तिचा शाफ्ट जाड. बुश घालून जुनी पुली बसवली असती, तर कुट्टीचं पात्यांचं चाक दीडपट वेगाने फिरलं असतं. फिरत्या चाकातली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. दीडपट वेग म्हणजे सव्वादोनपट ऊर्जा. ज्या यंत्रात माणूस हाताने वैरण सरकवतो, तिथे हा खेळ नको.

तेव्हा हवा होता तो बुश नव्हेच. हवी होती लहान पुली. जुनी ६ इंची असेल तर नवी ४ इंची लावायची, म्हणजे चाकाचा वेग पुन्हा पूर्वीइतका. अशी पुली बाजारात तयार मिळते, मधे कच्चं भोक असलेली. ते भोक १९ ला बोअर करून घ्यायचं आणि कीवे मारून घ्यायचा, एवढंच लेथवरचं काम. बेल्ट दोन-तीन इंचांनी सैल पडेल. मोटर मागे सरकवा, नाहीतर त्या मापाने लहान बेल्ट घ्या.

सांगून करायच्या कामांपैकी बरीचशी कामं अशी तयार वस्तूवर शेवटचा हात फिरवून भागतात, असं माझं मत आहे. बेअरिंग, बेल्ट, चेन, नट-बोल्ट, स्प्रिंग, ऑइल सील यांतलं काहीही स्वतः डिझाइन करायला जाऊ नका. तुमचा भाग त्यांच्या मापाने आखा. ६२०४ नंबरचं बेअरिंग आतून २०, बाहेरून ४७ आणि रुंदीला १४ मिमी असतं, ते कुठल्याही कंपनीचं घ्या. तुमचा शाफ्ट २१ मिमीचा असण्याचं काही कारण नसेल तर तो २० चा करा.

३. एकोणीस म्हणजे नेमकं किती?

तर पुलीला १९ चं भोक पाडायचं. पण बरोबर १९.००० मिमीचं भोक जगात कुणीच पाडू शकत नाही. प्रत्येक माप थोडं इकडे किंवा तिकडे जातं. मग खरा प्रश्न उरतो तो कुठल्या बाजूला आणि किती चाललं तर चालेल, हा. या मुभेला टॉलरन्स म्हणतात.

इथे मिलिमीटर अपुरा पडतो. त्याचा हजारावा भाग, मायक्रॉन, लागतो. झेरॉक्सचा साधा कागद साधारण १०० मायक्रॉन जाड असतो. मोटरच्या १९ च्या शाफ्टला ठरीव मुभा असते ती १९ च्या वर ९ मायक्रॉन आणि खाली ४ मायक्रॉन, म्हणजे सगळी मिळून १३. त्यावर बसणाऱ्या पुलीचं भोक बहुधा एच७ या वर्गात मागतात: १९ पेक्षा कमी अजिबात नाही, जास्त झालं तर २१ मायक्रॉनपर्यंत. या जोडीत पुली हाताने किंवा हलक्या ठोक्याने बसते आणि खुळखुळत नाही. भोक कागदाच्या जाडीइतकं मोठं झालं, की पुली सुरुवातीला बसल्यासारखी वाटते. मग प्रत्येक झटक्याला की कीवेत आपटते, कीवे रुंदावतो, आणि काही दिवसांनी शाफ्टच खराब होतो. मोटर नवी घेतली होती, हे लक्षात असू द्या.

मग सगळीकडेच २१ मायक्रॉन का मागू नयेत? कारण मुभा जितकी कमी तितका वेळ जास्त. भोक एकदम मापावर नेता येत नाही. थोडं कापायचं, थांबायचं, मापायचं, पुन्हा थोडं कापायचं. साध्या व्हर्नियरवर ०.०२ मिमीपर्यंत वाचता येतं, मायक्रोमीटरवर ०.०१, भोकासाठी तर वेगळं गेज लागतं. पुलीच्या बाहेरच्या मापाला, जिथे काहीच बसत नाही, तिथे अर्धा मिमी इकडे-तिकडे झाला तरी कुट्टीला फरक पडत नाही.

हौशी डिझाइन करणाऱ्यांची नेहमीची चूक इथेच होते. संगणकावर भाग काढला की प्रत्येक माप तीन दशांशांत दिसतं, आणि ते तसंच छापून पाठवलं जातं. वाचणाऱ्याला वाटतं, सगळंच अचूक हवं आहे. तो भाव तसा लावतो किंवा काम नाकारतो. जिथे दुसरं काही बसतं, सरकतं किंवा फिरतं, तेवढीच मापं घट्ट मागा. बाकीच्या मापांसाठी कागदाच्या कोपऱ्यात एकच ओळ पुरते: इतर मापांना अधिक-उणे ०.२ मिमी.

आणि मुभेचा कागदी हिशेब जमत नसेल तर जुना, खात्रीचा मार्ग आहेच: ज्यावर भाग बसणार ती वस्तू सोबत घेऊन जा. मोटर मोपेडवर बांधून नेलेली परवडते.

४. कागद

तोंडी सांगितलेलं काम तोंडीच बिघडतं, आणि मग दोन्ही बाजूंना खरं बोलत असल्यासारखं वाटत राहतं. म्हणून कागद हवा. तो संगणकावरचाच हवा असं नाही. पट्टीने काढलेली पेन्सिलची आकृती चालते. त्यावर मापं मिमीत, धातूचं नाव, नगांची संख्या, तारीख आणि तुमचा फोन नंबर. संगणकावरची त्रिमितीय फाइल पाठवली तरीही हा कागद द्यावाच. फाइल आकार सांगते. कुठलं भोक घट्ट हवं आणि कुठलं सैल चालेल, कुठे आटे पाडायचेत, हे बहुधा तिच्यात नसतं.

मापं एकाच कडेपासून द्या. चार भोकं ओळीत असतील आणि प्रत्येकाचं अंतर आधीच्या भोकापासून दिलं, तर प्रत्येक वेळची ०.२ ची चूक साचत जाऊन शेवटचं भोक ०.८ ने सरकू शकतं. सगळी अंतरं एका कडेपासून दिली तर प्रत्येक भोकाची चूक स्वतंत्र राहते.

दुसरी गफलत दृश्यांची, म्हणजे वेगवेगळ्या बाजूंनी काढलेल्या आकृत्यांची. आपल्याकडे अभियांत्रिकी महाविद्यालयांत पहिल्या कोनाची पद्धत शिकवतात, तर अमेरिकी वळणाच्या कंपन्यांची ड्रॉइंग्ज तिसऱ्या कोनाच्या पद्धतीची असतात. पहिल्यात उजवीकडून दिसणारी बाजू आकृतीच्या डावीकडे काढतात, तिसऱ्यात उजवीकडे. कुठली पद्धत वापरली त्याचं चिन्ह टाकलं नाही तर भाग आरशात पाहिल्यासारखा उलटा होऊन येतो. गोल पुलीला त्याने काही होत नाही. पण एका बाजूलाच पकड असलेलं झाकण भंगारात जातं.

५. कशाचं आणि कशावर

कुट्टीच्या दुरुस्तीत आणखी दोन भाग निघाले असं धरू: वैरण आत ओढणाऱ्या रोलरचे झिजलेले बुश, आणि बेल्टवरचं हरवलेलं झाकण. पुली धरून तीन भाग झाले, आणि ते सगळे एका जागी होणार नाहीत.

बुशचं काम धातूपासून सुरू होतं. "लोखंडाचा करा" एवढं सांगून भागत नाही. साधं पोलाद, ज्याला दुकानात एमएस म्हणतात, ते चौकटीला आणि पट्ट्यांना ठीक. फिरणाऱ्या शाफ्टला ईएन८ बरं. त्यात कार्बन साधारण ०.४ टक्के असतो आणि ते कडक करता येतं. पण शाफ्टखालचा बुश मुद्दाम मऊ ठेवतात, गनमेटलचा. दोघांपैकी एक झिजणारच असेल तर सहज बदलता येणारा झिजावा, हा त्यामागचा हिशेब. स्वस्तात नायलॉनही सुचवलं जातं. नायलॉन पाणी शोषतं आणि फुगतं. ओली वैरण रोज जाणाऱ्या यंत्रात नायलॉनचा बुश शाफ्टला आवळून बसू शकतो. प्लॅस्टिकच हवं असेल तर डेलरिन मागा, ते फार कमी फुगतं.

फिरता बुश म्हणजे मधे तेलाला जागा हवी. २५ च्या शाफ्टला बुश एच७ मध्ये आणि शाफ्ट २० ते ४१ मायक्रॉन उणा ठेवला, तर दोघांत किमान २० आणि कमाल ६२ मायक्रॉनची फट राहते. मात्र बुश त्याच्या घरात दाबून बसवला की बाहेरून आवळला जातो आणि आतलं भोकही किंचित लहान होतं. बाकावर गुळगुळीत फिरणारा शाफ्ट यंत्रात अडकतो, तो यामुळे. जाणकार मिस्त्री आतलं भोक थोडं लहान ठेवतो आणि बुश बसवून झाल्यावर रीमरने मापावर आणतो. तुम्ही बुश स्वतः बसवणार असाल तर हे आधीच सांगा.

बेल्टचं झाकण पत्र्याचं. ते लेझर कटिंगवाल्याकडे कापून, मग प्रेस ब्रेकवर वाकवून मिळतं. भोक वाकवण्याच्या रेषेला फार खेटून ठेवलं तर वाकताना ते लांबट होतं. जरा दूर ठेवा. झाकणाला जाळी किंवा फटी ठेवायच्या असतील तर मुलाचं बोट आत जाणार नाही एवढ्याच ठेवा.

कापून करायच्या चौकोनी भागांसाठी मिलिंग किंवा व्हीएमसी, म्हणजे मिलिंगचंच सीएनसी यंत्र. तिथलं कटर गोल फिरतं, त्यामुळे आतल्या कोपऱ्यांना गोलाई राहतेच. खिशासारख्या खाचेचे कोपरे टोकदार काढलेत तर एकतर वेगळ्या यंत्रावरच्या कामाचा खर्च येईल किंवा फोन येईल. कोपऱ्यात गोलाई दाखवा, शक्य तेवढी मोठी.

ओतकाम एका नगाला सहसा परवडत नाही, कारण आधी पॅटर्न, म्हणजे साचा पाडायचा नमुना, करावा लागतो, आणि तो भागापेक्षा मोठा: ओतीव लोखंड गार होताना साधारण एक टक्का आक्रसतं, म्हणून १०० मिमीच्या भागासाठी पॅटर्न १०१ चा, वर कातायला शिल्लक वेगळी. पण कुट्टीचं तुटलेलं जड चाक नव्याने करायचं असेल तर दुसरा रस्ता सहसा नसतो. अशा कामासाठी कोल्हापूरची शिरोली आणि गोकुळ शिरगाव ही नावं महाराष्ट्रभर माहीत आहेत. तिथल्या ओतकामाची वाढ शेतीच्या ऑइल इंजिनांच्या सुट्या भागांसोबत झाली.

थ्रीडी प्रिंटिंगचा मला पटलेला उपयोग वेगळाच आहे. धातूत करण्याआधी भाग प्लॅस्टिकमध्ये छापून जागेवर लावून बघायचा. पाना फिरवायला जागा उरते का, हात आत जातो का, हे चित्रात कळत नाही.

६. वर्कशॉपच्या दारात

पुण्याकडे भोसरी-पिंपरी-चिंचवडला जाणार असाल तर गुरुवार टाळा. तिथल्या कारखान्यांची आठवड्याची सुट्टी त्या दिवशी असते. मोठ्या कारखान्यात एका नगाचं काम घेऊन जाऊ नका. तिथली यंत्रं हजारो नगांच्या ऑर्डरला बांधलेली असतात आणि त्यांनी "बघू" म्हटलं तर त्याचा अर्थ नाही असाच असतो. दोन-तीन लेथ, एक मिलिंग आणि एक ड्रिल असलेलं गाळ्यातलं वर्कशॉप शोधा, जिथे मालक स्वतः यंत्रावर उभा असतो.

भाव विचारताना माल कुणाचा, कीवेचं स्लॉटिंग तिथेच होणार की बाहेर पाठवणार, आणि माप चुकलं तर पुन्हा कोण करून देणार, हे आधी बोलून घ्या. स्लॉटिंग किंवा प्लेटिंग बाहेर जाणार असेल तर दिवस वाढतात. आणि जस्ताचं प्लेटिंग मागत असाल तर एक हिशेब करा: १० मायक्रॉनचा थर शाफ्टच्या दोन्ही बाजूंना चढतो, म्हणजे व्यास २० मायक्रॉनने वाढतो, आणि भोकाचा तेवढाच कमी होतो. १९ च्या भोकाला आपण मुभा ठेवली होती २१ ची. प्लेटिंग करायचं असेल तर माप थराआधीचं की थरानंतरचं, हे कागदावर लिहा.

घासाघीस करायची असेल तर मुभेची करा, मजुरीची नको. "हे माप सैल केलं तर किती कमी होईल?" असं विचारलं की टर्नर खुशीने उत्तर देतो, आणि बहुतेक वेळा दोघांचाही फायदा होतो.

७. हातात आल्यावर

पैसे देण्याआधी, तिथेच, सोबत नेलेल्या शाफ्टवर भाग चढवून बघा. कडा बोटाने तपासा; कातल्यावर राहिलेली धारदार कोर, म्हणजे बर, काढलेली असावी. की कीवेत घट्ट सरकावी, हलू नये. नंतर घरी कळलेलं माप कुणाच्याच कामाचं नसतं, कारण तोवर चकमध्ये दुसरा जॉब चढलेला असतो.

मग कागदावर तो भाग जसा प्रत्यक्षात झाला तशी मापं, धातूचं नाव आणि तारीख लिहून ठेवा आणि कागद यंत्राच्या चौकटीवर पिशवीत बांधून टाका. दोन-चार वर्षांनी बुश पुन्हा झिजेल, तेव्हा नमुना म्हणून झिजलेला बुश पाठवू नका, हा कागद पाठवा. नमुना दिला तर टर्नर त्याची झीजही इमाने इतबारे मापून तशीच कातून देतो.